घरची गाडी म्हणून पिकअप: पाटी, हौदा आणि आजीची पायरी

पिकअपची हौस बहुतेकांना समोरून होते. उंच बोनेट, रुंद टायर, सिग्नलला शेजारी उभं राहिलं की बाकीच्या गाड्या गुडघ्यापर्यंत. घ्यावी की नाही, हे मात्र मागून ठरतं, म्हणजे माल टाकायच्या उघड्या हौद्यावरून. दर आठवड्याला हौद्यात काय पडणार आहे याचं उत्तर तयार असेल तर पिकअपसारखी घरची गाडी नाही. उत्तर नसेल तर तीस लाखांत आपण फक्त एक फार लांब गाडी घेतो, आणि मग इंदूरच्या सराफ्यात जायचं म्हटलं की रिक्षा बोलावतो.

हा लेख आपल्यासारख्या इंदूरच्या घरांसाठी आहे. राहणं सुदामानगर, राजेंद्रनगर, टिळकनगर असं कुठेतरी, घरात चार-पाच माणसं, त्यात एखादी आजी आणि एखादं लहान मूल. जोडीला सांवेर-देपालपूरकडे थोडी शेती, नाहीतर राऊच्या पुढे बांधकाम, नाहीतर केटरिंग-नर्सरीसारखा घरचा धंदा.

आधी ओझं मोजा

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर महिनाभर नोंद ठेवा. ज्या दिवशी कारमध्ये मावलं नाही, किंवा मावलं पण कार घाण झाली, त्या तारखेला काय होतं ते लिहा. शेणखत, ठिबकच्या नळ्या, रोपं, सिमेंट, गॅसच्या शेगड्या, सायकली. एकाच महिन्याने फसगत होऊ शकते, कारण माळव्यात ओझं हंगामाने येतं: ऑक्टोबरच्या आसपास सोयाबीन, मार्च-एप्रिलला गहू. तेवढं मनाने भरून घ्या.

आता ओझी किती वेळा आली ते पाहाच, पण त्याहून बारकाईने पाहा ती मळकी, ओली किंवा वासाची किती होती. कोरडं, स्वच्छ सामान कुठल्याही एसयूव्हीची मागची सीट पाडली की मावतं. सीटवर खताची गोणी मात्र कुणी ठेवत नाही. पिकअपचा खरा उपयोग तिथे आहे: माल बाहेर, माणसं आत, आणि मध्ये पोलादी भिंत.

माझं मत सरळ आहे. असं ओझं महिन्यातून एकदाच निघत असेल तर एसयूव्ही घ्या आणि त्या दिवशी छोटा हत्ती भाड्याने बोलवा. वर्षभराचं भाडं पिकअपच्या एका टायर-सेटइतकंही होणार नाही. आठवड्याला एकदा किंवा जास्त निघत असेल तर पुढे वाचा.

पांढरी पाटी की पिवळी

शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही, पण सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. आपल्याकडे बहुतेक पिकअप मालवाहू वाहन म्हणून नोंदल्या जातात. नंबरची पाटी पिवळी, अक्षरं काळी. बोलेरो कॅम्पर किंवा टाटा योद्धाची क्रू-कॅब यांना मागची सीट असली तरी त्या या गटातल्या. खाजगी, पांढऱ्या पाटीवर घेता येतील अशा नव्या पिकअप थोड्याच आहेत.

पिवळ्या पाटीबरोबर काय काय येतं ते ऐका. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, नंतर दरवर्षी. विमा महाग: २०२२ च्या दरपत्रकात १५०० सीसीवरच्या खाजगी कारचा थर्ड पार्टी हप्ता ७,८९७ रुपये आहे, तर भाड्याने माल वाहणाऱ्या साडेसात टनांपर्यंतच्या गाडीचा १६,०४९. शहराच्या आतल्या भागात मालवाहू गाड्यांना बंदीच्या वेळा असतात. शिवाय कित्येक मालवाहू पिकअप ताशी ८० किलोमीटरला बांधलेल्या येतात. इंदूरहून पुण्याला मुलांना घेऊन जायचं असेल तर सेंधवा-धुळे मार्गे तो सहाशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला ८० च्या दोरीला बांधून काढायचा, आणि हायवेवर मागचे ट्रक हॉर्न मारत राहणार.

परमिटची भीती मात्र थोडी जास्तच घातली जाते. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार परमिटची सूट आहे. लायसन्सचंही तेच. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, वेगळ्या शेऱ्याची गरज नाही.

धंदा मोठा आणि घरचा वापर थोडा असेल तर पिवळी पाटी वाईट नाही. गाडी स्वस्त, सुटे भाग गल्लोगल्ली, मिस्त्री कुठेही. जीएसटीची वजावट आणि घसाऱ्याचं गणित सीएकडून आधीच करून घ्या, कारण माल वाहणारी गाडी आणि माणसं नेणारी गाडी यांचे नियम वेगळे आहेत. घर मुख्य आणि ओझं जोडीला असेल तर पांढरीच घ्या. बुकिंगच्या आधी डीलरकडून लिहून घ्या: इंदूरच्या आरटीओत ही गाडी आरसीवर कुठल्या वर्गात नोंदणार. ‘खाजगीच होते साहेब’ या तोंडी आश्वासनावर टोकन देऊ नका.

टोलचं पण या वर्गाशीच नातं आहे. पांढऱ्या पाटीच्या पिकअपचा फास्टॅग कार-जीप-व्हॅनच्या वर्गात, म्हणजे वर्ग ४ मध्ये असायला हवा. बँकेने चुकून हलक्या मालवाहूचा टॅग दिला तर प्रत्येक नाक्यावर जास्त पैसे कापले जातात. टॅग हातात आला की पहिल्या दिवशीच वर्ग तपासा. १५ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रीय महामार्गांसाठी ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा वार्षिक पास सुरू झाला, तोही फक्त खाजगी कार-जीप-व्हॅनला. वर्ग चुकला तर तोही मिळायचा नाही.

बाजारात आहे काय

खाजगी वापराच्या दोन नावांभोवती सगळी चर्चा फिरते.

इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१६ पासून आपल्याकडे आहे, आंध्रातल्या श्रीसिटीत बनते. आताचं इंजिन १.९ लिटर डिझेल, १६३ पीएस, ३६० न्यूटन-मीटर. लांबी सुमारे ५.३ मीटर. हाय-लँडर हे तिचंच साधं, टू-व्हील ड्राइव्ह रूप. टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये आली. इंजिन २.८ लिटर, २०४ पीएस. टॉर्क मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर. लांबी ५,३२५ मिमी, टाकी ८० लिटरची. इंजिन फॉर्च्युनरमधलंच, त्यामुळे मिस्त्रींना ओळखीचं.

दोन्हींना लॅडर फ्रेम (खाली शिडीसारखा पोलादी सांगाडा), मागे पाट्यांची (लीफ) स्प्रिंग. रस्त्यावर येईपर्यंत दोन्ही तीस लाखांच्या घरात किंवा वर जातात. घाट आणि गाव मिळून लिटरला दहा ते तेरा किलोमीटर धरून चाला, त्यापेक्षा जास्त सांगणारा विकायला बसलेला आहे असं समजा.

दोन्हींतली कुठली? ताकदीचा आणि पुढे विकताना मिळणाऱ्या किमतीचा विचार केला तर हायलक्स. पैशाच्या मानाने गाडी किती मिळते हे पाहिलं तर व्ही-क्रॉस. पण मी निर्णय तिसऱ्याच गोष्टीवर करीन: सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे, आणि एखादा बंपर किंवा काच यायला किती दिवस लागतात. शोरूमच्या सेल्समनला हे विचारू नका. सकाळी नऊला त्यांच्या वर्कशॉपच्या दारात उभे राहा आणि गाडी सोडायला आलेल्या मालकांना विचारा. इंदूरचा माणूस अनोळखी माणसालाही ‘भिया’ म्हणून दहा मिनिटं मनापासून माहिती देतो, त्याचा फायदा घ्या.

फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद, हवंच का? शेत काळ्या मातीत असेल आणि पावसाळ्यात जावंच लागत असेल तर हो. नाहीतर टू-व्हील ड्राइव्हवर वाचलेले पैसे चांगल्या टायरमध्ये घाला.

टेप घेऊन घर मोजा

पार्किंगची नेहमीची चौकट अडीच मीटर बाय पाच मीटरची असते. ५.३ मीटरची गाडी तिथे लावली की तिचं नाक किंवा शेपूट फूटभर बाहेर. सोसायटीत असाल तर त्या फूटभरावरून पुढची दहा वर्षं शेजाऱ्याशी बोलाचाली. स्वतःचं घर असेल तर फाटक ते पोर्चची मागची भिंत हे अंतर मोजा, आणि त्यात फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, पूर्ण उघडायला मागे जागा धरा. फाळका उघडत नसेल तर माल रस्त्यावर उतरवायचा, मग घरात पिकअप असून काय फायदा?

गल्लीचं वळण मोजायला टेप पुरत नाही. अशा गाड्यांची वळणाची त्रिज्या सहा मीटरच्या वर जाते, म्हणजे कारला एका दमात बसणारं वळण इथे पुढे-मागे करून घ्यावं लागतं. राजवाडा, शीतलामाता बाजार, मल्हारगंज या भागात रोजचं काम असेल तर घरात एक स्कूटर किंवा लहान कार ठेवावीच लागेल, आणि तो खर्चही पिकअपच्याच नावावर मांडा. मल्टीलेव्हल पार्किंगमध्ये शिरण्यापूर्वी वरची उंचीची पट्टी वाचायची सवय लावा, विशेषतः हौद्यावर कॅनॉपी, म्हणजे पक्कं छप्पर, बसवलं असेल तर.

चाचणी: आजीला घेऊन जा

शोरूमवाले बायपासवर दोन किलोमीटरचा फेरा मारून आणतात. त्यात सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. निदान तासभर मागा, आणि सगळं घर बरोबर घ्या.

आजीला मागच्या सीटवर बसवा आणि राऊवरून महूला जाऊन या. गाडीत चढताना तिने काय धरलं ते पाहा. दाराच्या खांबाला आतून मूठ आहे का, साइड-स्टेपवर नऊवारीत किंवा चपलेत पाय नीट ठरतो का, उतरताना पाय अधांतरी राहतो का. चढणं एक वेळ जमतं, खरी कसोटी उतरताना. पिकअपच्या मागच्या सीटची पाठ एसयूव्हीपेक्षा उभी असते, कारण तिच्या मागे लगेच केबिनची भिंत आहे आणि ती मागे रेलत नाही. अर्ध्या तासाने आजी कमरेखाली हात घालायला लागली तर उत्तर मिळालं. ब्रोशरमध्ये हे लिहिलेलं नसतं.

लहान मूल असेल तर त्याची कार-सीट घरून न्या आणि आयसोफिक्सच्या कड्यांना स्वतः अडकवून पाहा. मागे मधल्या माणसाला तीन-बिंदू पट्टा आहे की नुसता कमरेचा, हे बसून बघा.

त्यानंतर रिकामी गाडी खंडवा रोडने सिमरोलच्या बाजूला न्या. पाट्यांची स्प्रिंग वजनासाठी बनवलेली असते, त्यामुळे रिकामी गाडी गतिरोधकावर मागून उडते. हौद्यात दोन-अडीचशे किलो पडले की तीच गाडी शहाण्यासारखी चालते. डीलर तयार असेल तर चार गोण्या टाकून तोच रस्ता पुन्हा करा. नसेल तर ओळखीत कुणाची असेल ती बघा. घरात कुणाला गाडी लागत असेल, उलट्या होत असतील, तर त्याला रिकाम्या गाडीत मागे बसवल्याशिवाय निर्णय करू नका.

वजनाचं गणित

‘पिकअप आहे, काय पाहिजे ते टाका’ हा समज सोडा. समजा गाडीचं कमाल एकूण वजन २,५०० किलो आणि रिकाम्या गाडीचं १,९५०. उरले ५५०. पाच माणसं ३३० किलो धरली तर २२० राहिले. कॅनॉपी, मोठा बंपर, जादा टायर यांनी ५० खाल्ले. हातात १७०, म्हणजे पन्नास किलोची तीन पोती. घर भरून बसलं की माल कमी, माल भरला की माणसं कमी. हे आकडे उदाहरणाचे आहेत. आपल्या गाडीचे दाराच्या खांबावरच्या पट्टीवर आणि आरसीवर असतात, ते घेऊन हाच हिशेब मांडा. पांढऱ्या पाटीच्या काही पिकअप आरामासाठी मऊ केलेल्या असतात, आणि त्यांची वहनक्षमता निम्म्या किमतीच्या कॅम्परपेक्षा पुष्कळ कमी निघते.

पैसे आणि मुहूर्त

दसरा-पाडव्याला गाडी घ्यायची रीत आहे, पण आपल्या राज्यात एक दुसरा मुहूर्त जास्त फायद्याचा आहे. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात, जो १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात सुरू झाला, घेतलेल्या गाड्यांना सरकार आजीवन वाहनकरात ५० टक्के सूट जाहीर करत आलं आहे. २०२४ पासून उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यालाही हीच सवलत मिळू लागली. तो साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये भरतो, आणि इंदूरहून उज्जैन तासाभरावर. अट अशी की गाडी मेळ्यात दुकान लावलेल्या डीलरकडून घ्यायची आणि नोंदणी तिथल्याच आरटीओत करायची. म्हणजे पाटी एमपी-०९ ऐवजी एमपी-१३ येईल. तीस लाखांच्या गाडीवर अर्धा कर म्हणजे लाखांत बचत, तेव्हा पाटीवरच्या आकड्याचा मोह सोडा. सवलत दरवर्षी नव्याने जाहीर होते, त्यामुळे त्या वर्षीची अधिसूचना निघाल्याशिवाय डीलरच्या भरवशावर पैसे अडकवू नका.

विम्यात झिरो-डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, घ्या. साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबरच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि या गाड्यांचे बंपर, चाकांवरच्या कमानी, दिवे म्हणजे प्लास्टिकच प्लास्टिक. गाडीची विमा-किंमत पाचव्या वर्षापर्यंत निम्म्यावर येते हेही कर्जाची मुदत ठरवताना लक्षात असू द्या. सात वर्षांचं कर्ज काढलं तर मध्ये एक काळ असा येतो की गाडीच्या किमतीपेक्षा बाकी जास्त.

हौदा: इथे कंजुषी नको

नवी गाडी घरी आली की पहिला खर्च हौद्यावर करा. उघड्या रंगावर एक लोखंडी पाइप घासला गेला की पावसाळ्यात तिथे गंज धरतो. अस्तर दोन प्रकारचं मिळतं. बसवायचं प्लास्टिकचं ताट स्वस्त, पण त्याच्याखाली पाणी आणि माती साचते आणि पत्रा आतून खातो. ते घेतलंत तर वर्षातून दोनदा काढून खालचं धुवा. फवाऱ्याने मारायचं अस्तर महाग, पण पत्र्याला चिकटून बसतं आणि त्यावर पाय घसरत नाही. मी दुसरं निवडीन.

झाकणाचे तीन पर्याय. नुसतं तिरपाल आणि जाळी: स्वस्त, शेताला पुरेसं, पण प्रवासात बॅगांना कुलूप नाही. गुंडाळणारं किंवा उचलायचं झाकण: बॅगा सुरक्षित, पण उंच सामान आलं की अडचण, आणि जोराच्या पावसात कडेने थेंब आत येतातच. कॅनॉपी: गाडी जवळजवळ एसयूव्ही होते, पण मग शेणखत कुठे टाकणार? सुट्टीच्या प्रवासाला जास्त वापर असेल तरच कॅनॉपी. कुठलंही झाकण असो, बॅगा जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत घालूनच ठेवा. आग्रा-मुंबई रोडची धूळ फाळक्याच्या फटीतून आत येते आणि पैठणीच्या घडीत जाऊन बसते.

बसवाल ते कंपनीच्या ॲक्सेसरीतलं, पक्क्या बिलावर आणि विम्यात नोंदवून बसवा. कायद्याच्या कलम ५२ ने मूळ रचनेत फेरफार करायला बंदी आहे, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. समोरचा लोखंडी बुलबार २०१७ च्या डिसेंबरपासून बंद आहे. गॅरेजवाला ‘सगळेच लावतात’ म्हणेल, पण अपघातात एअरबॅगच्या सेन्सरला धक्का वेळेवर पोचला नाही तर तो येणार नाही.

भरणं, बांधणं

जड वस्तू केबिनच्या भिंतीला टेकवून, मागच्या आसाच्या पुढे. सगळं वजन फाळक्याजवळ गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं. हौद्यातल्या कड्यांना रॅचेट-पट्ट्याने आवळा. सुतळी आणि नशीब या जोडीवर माल सोडू नका. सळया, पाइप मागे लोंबत ठेवून ‘लाल फडकं बांधलंय की’ म्हणायचे दिवस गेले. गाडीबाहेर आलेल्या मालाला कलम १९४ मध्ये २०,००० रुपये दंड आहे.

माल भरला की दोन गोष्टी हमखास विसरतात. मागच्या टायरची हवा पट्टीवरच्या भारित आकड्याला न्यायची आणि रिकामी झाली की परत उतरवायची. दुसरं, स्टिअरिंगच्या बाजूला हेडलाइट खाली-वर करायचं चाक असतं ते फिरवायचं. मागून गाडी बसली की प्रकाश वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यात घुसतो.

भुसा, पाला, रिकाम्या पिशव्या उघड्या हौद्यातून उडतात. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या शहरात रिंग रोडवर आपल्या गाडीमागे भुशाची वाट दिसली तर नगर निगमच्या माणसाआधी मागचा स्कूटरवालाच थांबवतो. जाळी टाका.

आणि हौद्यात माणूस बसवायचा नाही. अनंत चतुर्दशीला पोरं मूर्तीभोवती बसायला हटून बसतात, मोठीही म्हणतात ‘हळूच तर चालवायचीय’. मूर्ती धरायला एकही जण नको: मूर्तीला चारी बाजूंनी गादी आणि दोन पट्टे, पोरं आत किंवा पायी. हौद्यात ना सीट ना बेल्ट, आणि पडलं कुणी तर विमा कंपनीही हात वर करणार.

चिखल, धूळ, उंदीर

माळव्याची काळी माती ओली असताना टायरच्या खाचा भरून गुळगुळीत करून टाकते. अशा वेळी फोर-बाय-फोरसुद्धा जागच्या जागी फिरत बसते. शेतात शिरण्यापूर्वीच, रस्त्यावर असताना फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) घाला, थांबू नका, जोरात रेसही देऊ नका. फोर-लो (चारही चाकं, वेग कमी पण जोर जास्त) खडी चढण किंवा रुतलेली गाडी काढण्यासाठी. डांबरावर परत आल्याबरोबर टू-हायला (दोनच चाकांवर) आणा. या पार्ट-टाइम यंत्रणेत कोरड्या रस्त्यावर फोर-हाय राहिलं की वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि दोन्हीकडे ताकद वाटणारी ट्रान्सफर केस झिजते. उलट, महिनोन्महिने फोर-बाय-फोर घातलंच नाही तर ते जाम होतं; महिन्यातून एकदा मैदानावर घालून थोडं चालवा.

रपट्यावरून (ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर थांबा, गाडी कितीही उंच असो. हायलक्सची पाण्यातून जायची मर्यादा ७०० मिमी सांगतात, पण ती उभ्या पाण्याची. वाहतं पाणी गाडीला बाजूने ढकलतं, आणि रिकामा हौदा हलका असतो.

घरी आल्यावर त्याच दिवशी चाकांच्या आतली माती पाण्याने काढा. वाळली की रिमच्या आत ढेकूळ होऊन बसते आणि ताशी ८० ला स्टिअरिंग थरथरतं. लोक मग उगाच बॅलन्सिंगचे पैसे भरत राहतात. युरिया किंवा डीएपी आणलं असेल तर हौदा भरपूर पाण्याने धुवाच, खताचे क्षार पत्रा पोखरतात. धुताना हौद्याच्या कोपऱ्यातली पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा. गव्हाचे दाणे नेमके तिथेच अडकतात, आणि पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात अस्तराच्या कडेने हिरवे कोंब वर आलेले दिसतात.

धान्य किंवा कांदे आणलेली गाडी न झाडता रात्री उभी केली की उंदीर येतात. दाणे संपले की बोनेटखाली जाऊन वायरी कुरतडतात. झाडू गाडीतच ठेवा.

शहरातल्या शहरात फिरणाऱ्यांना एक वेगळी अडचण येते. २०२० च्या एप्रिलपासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. ती काजळी जळायला इंजिन बराच वेळ तापलेलं आणि वेगात चालावं लागतं. रोज मुलांची शाळा आणि भाजी एवढंच चालवलं तर दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केलं तर बिल मोठं येतं. पंधरा दिवसांतून एकदा महेश्वर किंवा उज्जैन करून या, अहिल्यादेवींच्या घाटावर बसणंही होईल. दिवा लागलाच तर लगेच गाडी बंद करू नका, बायपासवर वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात चालवा.

सर्व्हिसच्या वेळी पाट्यांच्या यू-बोल्टची आवळणी आणि मागच्या ड्रम ब्रेकची साफसफाई जॉबकार्डावर लिहूनच घ्या. शेतातल्या गाडीच्या ड्रममध्ये माती भरते, आणि सांगितल्याशिवाय ते कुणी उघडत नाही.

जुनी घ्यायची असेल तर

जुन्यात व्ही-क्रॉसबरोबर टाटा झेनॉन आणि स्कॉर्पिओ गेटअवेही दिसतात. आधी आरसीवरचा वर्ग वाचा, मग गाडी. हौद्याचं अस्तर उचलायला लावा. विकणारा कां-कूं करत असेल तर खाली गंज आहे. गाडी सपाट जागी उभी करून मागून बघा: एक बाजू बसलेली असेल तर पाट्या थकल्यात. फोर-हाय आणि फोर-लो दोन्ही घालून, प्रत्यक्ष चाकं फिरतात का ते तपासा.

पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांची गाडी घ्यायची पद्धत आपल्यात बरीच आहे. एनओसी, बँकेचा बोजा उतरल्याचा कागद आणि बाकी चलानं हे सगळं गाडी हलवण्यापूर्वी. कायम मध्य प्रदेशात ठेवायची तर बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा वेगळा मागायचा, त्याला वेळ लागतो. सौदा करताना हा इथला कर किमतीत धरा, नाहीतर मामेभावाने दिलेली सूट आरटीओतच संपते.

मागायला येणारे

पिकअप आली की घर बदलणारे, मंडळाचे कार्यकर्ते, वॉशिंग मशीन आणणारे सगळे आपल्याच दारात. नाही म्हणणं जमणार नाही, म्हणून नियम आधीच ठरवा: चालवणार घरचाच माणूस, भरण्यापूर्वी वजन विचारणार, आणि गाडी झाडून परत. डिझेलचं काय ते मोकळेपणाने बोला, पण भाडं म्हणून एक रुपयाही घेऊ नका. ‘अहो, टेम्पोला दिलेच असते की हजार रुपये’ असं म्हणून कुणी खिशात नोटा कोंबेल, यूपीआयवर ‘सामान भाडं’ असं लिहून पाठवेल. पांढऱ्या पाटीच्या पॉलिसीवर भाड्याने वापर वगळल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं. वाटेत काही झालं तर तो एक संदेश दावा नाकारायला पुरेसा आहे. पैसे आले असतील तर त्याच दिवशी परत पाठवा.